वडाचं बी आणि कावळ्याचं पोट

पितृपक्ष लागला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज हटकून येतो. यंदा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकाच दिवसात तीनदा आला. वड-पिंपळाचं बी म्हणे कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही आणि कावळीण भाद्रपदात अंडी घालते, म्हणून पूर्वजांनी कावळ्याला घास घालायची प्रथा पाडली.

दोन्ही गोष्टी चूक आहेत. आपल्याकडचे कावळे उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर घरटी बांधतात. भाद्रपदापर्यंत बहुतेक पिल्लं उडालेली असतात. बियांचं मी स्वतः करून पाहिलं. घराजवळच्या वडाखालून एक पिकलेलं फळ आणलं, फडक्यात चोळून धुतलं, खसखशीसारख्या बारीक बिया भिजवलेल्या विटेवर पसरल्या आणि वीट उजेडात, पाण्याच्या ताटलीत ठेवली. तीन आठवड्यांत विटेवर हिरवे ठिपके दिसले. भिंग लावलं तर प्रत्येक ठिपक्याला दोन इवली पानं! पंचगंगेच्या घाटावर आईवडिलांच्या आठवणीनं घास ठेवणाऱ्याला खोट्या विज्ञानाचा आधार लागत नाही. आठवण पुरेशी आहे.

मग पाखरं झाडासाठी करतात तरी काय? पोटातून जाताना फळाचा गर निघतो, काही बियांचं टणक कवच झिजतं. त्याचा काही जातींना फायदा होतो, काहींना नाही. पाखराची मोठी कामगिरी पंखांची आहे: बी आईपासून लांब नेऊन टाकणं.

लांब कशासाठी, ते आपल्या शेतकऱ्याला पटकन कळेल. तांबेरा उसावर पडतो, भुईमुगावरही पडतो. नाव एकच, पण बुरशी वेगवेगळी. भुईमुगाचा तांबेरा उसाला धरत नाही. सलग उसाच्या पट्ट्यात उसाचा तांबेरा एका फडातून दुसऱ्या फडात सहज जातो. मधल्या भुईमुगात मात्र त्याला खायलाच काही नसतं.

जंगलातही हेच चालतं. मोठ्या झाडाखालच्या मातीत त्याच्याच जातीवर पोसणारी बुरशी आणि त्याच्याच बिया पोखरणारे किडे ठाण मांडून असतात. खाली बियांचा सडा पडतो, रोपं दाट उगवतात आणि बहुतेक मरतात. त्याच जागी दुसऱ्या जातीचं बी पडलं, तर यातल्या बऱ्याच शत्रूंचं त्याच्याशी देणंघेणं नसतं. जी जात फार वाढते तिच्या मागे शत्रूही तेवढेच लागतात; विरळ जात निसटते. त्यामुळे एकाच जातीचं राज्य होत नाही. कागदावर दोन रेघा काढून बघा. आईपासून जसजसं लांब जावं तसतशा पडणाऱ्या बिया कमी होत जातात, ही उतरती रेघ. रोप जगण्याची शक्यता वाढत जाते, ही चढती. दोन्हींचा गुणाकार केला की नवं झाड उभं राहण्याची सर्वांत चांगली जागा मिळते, आणि ती आईच्या पायाशी नसून थोड्या अंतरावर असते. १९७० साली डॅनियल जॅन्झेन आणि १९७१ साली जोसेफ कॉनेल या दोन पर्यावरणशास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. पुढे मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या जंगलात संशोधकांनी जमिनीच्या छोट्या तुकड्यांवर चक्क बुरशीनाशक फवारलं. २०१४ साली निष्कर्ष आले: बुरशी हटली तिथे रोपांमधली विविधता घटली. ज्या बुरशीला आपण रोग म्हणतो, ती जंगलात इतक्या जातींना जागा करून देते, हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

आता आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याकडे बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिरोळकडे जेमतेम पाच-सहाशे. पश्चिमेला राधानगरी-दाजीपूरच्या दाट रानात जांभूळ, अंजन, तोरण, करवंद अशी गरदार फळं. उंच झाडांखाली वारा जवळजवळ पडलेलाच असतो, मग बी नेणार कोण? बुलबुल, वटवाघळं, उदमांजर. रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळं तर लहान पाखरांच्या चोचीत मावतच नाहीत. सह्याद्रीत ती अख्खी गिळतो मोठ्या चोचीचा धनेश पक्षी, आणि गर पचवून बी दुसरीकडे ओकून टाकतो.

पूर्वेकडे उतरत गेलं की झाडं विरळ होतात, गवत वाढतं, वारा मोकळा सुटतो. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं, सावरीचं बी कापसात बसून जातं. बरीचशी फळं उन्हाळ्यात पिकतात, पानं गळून वाऱ्याची वाट मोकळी असते तेव्हा. या माळाला सरकारी कागदावर सरसकट ‘पडीक’ म्हणतात, त्याचा मला राग येतो. तिथल्या झाडांनी वणवा सोसायला जाड साल कमावली आहे, जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटायची ताकद कमावली आहे.

आणि तिथेही सगळं वाऱ्यावर सोडलेलं नाही. बोरं कोल्हा खातो. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि रात्री रवंथ करता करता टणक बिया तोंडातून टाकून देतात. धनगराचा तळ हलल्यावर, पहिल्या पावसानंतर त्या जागेवर जाऊन बघा. लेंड्यांच्या खतात बाभळीची रोपं उगवलेली दिसतील.