खिडक्या थरथरतात, मोबाइल म्हणतो ७४

विसर्जनाच्या आदल्या रात्री गिरगावात आमच्या चाळीमागच्या गल्लीत डीजेची भिंत उभी होती. कपाटातले पेले किणकिणत होते, छातीत धपधप जाणवत होतं. शेजारच्या काकांनी गॅलरीत जाऊन मोबाइलच्या अ‍ॅपवर आवाज मोजला आणि आकडा माझ्यापुढे धरला. ७४ डेसिबल. "बघ, एवढाच आहे. तुला उगाच जास्त वाटतंय."

काका खोटं बोलत नव्हते. मोबाइलही नाही. गोम आहे ती आकड्यापुढे dBA असं लिहितात त्यातल्या एका छोट्या अक्षरात, 'ए'मध्ये.

आपला कान सगळे सूर सारख्या कौतुकाने ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात खालचे, घुमणारे सूर आपल्याला फारच कमी ऐकू येतात. ध्वनिमापकाने कानासारखं ऐकावं म्हणून मग त्याला एक चाळणी बसवली, तीच ही 'ए'. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या सुराला ती हात लावत नाही. १०० हर्ट्झला आली की १९ डेसिबल कापते, ५० हर्ट्झला तब्बल ३०. म्हणजे ५० हर्ट्झचा १०० डेसिबलचा बेस आणि १००० हर्ट्झची ७० डेसिबलची शिट्टी, दोन्हींचा आकडा एकच, ७०! डेसिबलचं गणित घातांकाचं, दर १० डेसिबलला तीव्रता दहापट. तेव्हा इथे हजारपट ऊर्जा चाळणीतून गळून गेली. (दोन सारखे ढोल एकत्र वाजले तर ९०चे १८० होत नाहीत, ९३ होतात, तेही याच हिशेबाने.)

आणि खरी गंमत पुढे आहे. आवाज मोठा झाला की कान खालच्या सुरांनाही बऱ्यापैकी दाद देऊ लागतो. चाळणी मात्र हळू आवाजासाठी बेतलेली, ती कापतच राहते. त्यातून बेसची लाट काही मीटर लांबीची. इमारतीला वळसा घालून येते, भिंतीतूनही शिरते. वरचे सूर वाटेतच गळतात. मागच्या गल्लीतला डीजे आमच्यापर्यंत निव्वळ धपधप होऊन पोहोचतो तो यामुळे. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५, हीसुद्धा 'ए' डेसिबलमध्येच आहे.

९४ डेसिबलचा दणदणीत आवाज म्हणजे तरी काय, हवेच्या दाबात साधारण १ पास्कलची (पास्कल हे दाबाचं एकक) चढउतार. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर, म्हणजे ही चढउतार त्याच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. मार्च २०२० मध्ये थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतात असे निरोप फिरत होते, ते पाठवणाऱ्यांनी हा भागाकार करून बघायला हरकत नव्हती.

राहिला मोबाइल. त्याच्या माइकमधला इवलासा पडदा हलतो, विजेचा दाब बदलतो, अ‍ॅप त्याचा वर्ग, सरासरी, लॉगॅरिदम काढतं आणि शेवटी आलेल्या उत्तरात एक ठरावीक संख्या अधिक करतं. ही संख्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी हवी. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये आपलं अ‍ॅप काढलं ते फक्त आयफोनसाठी. अँड्रॉइडचे कारखाने अनेक, माइक त्याहून अनेक. कुठल्याशा फुकट अ‍ॅपचा आकडा घेऊन पोलीस चौकीत जाऊ नका, तिथे प्रमाणित यंत्राचंच मोजमाप चालतं. पण त्याच मोबाइलने काल आणि आज, गॅलरी आणि माजघर यांची तुलना खुशाल करा.

मी काकांच्या अ‍ॅपमध्ये 'ए' बदलून 'सी' केलं. ही चाळणी ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल कापते. आकडा ९१ झाला. वाऱ्याची घरघर टाळायला बरेच फोन खालचे सूर आधीच छाटतात, तेव्हा खरा आकडा याहूनही जास्त असणार.

काकांनी उठून खिडकी लावून घेतली. ८९.