रझिया आणि याकूत: प्रेमकथेमागचं राजकारण

रझिया सुलतानाचं नाव निघालं की लगेच पुढचं वाक्य येतं: हबशी गुलाम याकूतच्या प्रेमात पडली आणि दिल्लीची गादी घालवून बसली. समकालीन इतिहासकार मिन्हाज-ए-सिराज मात्र या प्रेमाबद्दल अवाक्षर काढत नाही. याकूतला पागेचा प्रमुख, म्हणजे अमीर-ए-आखूर, नेमलं, त्याला तिच्याजवळ स्थान मिळालं आणि तुर्की सरदारांना ते खुपलं, एवढंच तो सांगतो. घोड्यावर चढताना याकूत तिला हात धरून बसवायचा, हा तिखटमीठ लावलेला तपशील इसामी या कवी-इतिहासकाराचा. तो दिल्लीहून दौलताबादेत गेलेला, लिहितोय 1350च्या सुमारास, म्हणजे रझियाच्या मृत्यूनंतर शतक उलटल्यावर!

खरं भांडण सत्तेचं होतं. 1236 मध्ये तिला गादीवर बसवणाऱ्यांना मुठीत राहणारी सुलताना हवी होती. तिनं पडदा सोडला, कबा (पुरुषी अंगरखा) आणि टोपी घालून हत्तीवरून उघड फिरू लागली आणि मोक्याच्या जागा तुर्की गटाबाहेर द्यायला लागली. 1240 मध्ये याकूत मारला गेला, ती कैदेत पडली. पुढे तिनं लग्न केलं ते तिला कैदेत ठेवणाऱ्या भटिंड्याच्या अल्तुनियाशी, दिल्ली परत जिंकण्यासाठी.