जुनी स्पोर्ट्स कार आमच्याकडे आणण्यापूर्वी

नमस्कार.

साताऱ्यात आमच्या गॅरेजला येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या आधी दोन-तीन ठिकाणी फिरून आलेल्या असतात. डिकीत काढलेल्या पार्टची पिशवी असते, मालकांच्या हातात बिलं असतात आणि दोष जिथल्या तिथे असतो. अशा गाडीला आम्ही हात कसा लावतो आणि त्यासाठी तुमच्याकडून काय हवं असतं, ते या पत्रकात सांगत आहोत.

1960 च्या दशकातली एक एमजीबी, म्हणजे ब्रिटिश बनावटीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, आमच्याकडे आली होती. 1798 सीसीचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे दोन एसयू कार्बोरेटर. गावात सुरेख चालायची, पण पसरणी घाटात वरच्या वळणांवर बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. उन्हाने पाइपात पेट्रोल उकळतंय, असं सगळ्यांनी सांगितलेलं. त्यापायी कार्बोरेटर दोनदा उघडून धुतले होते आणि पेट्रोल पंपही नवा बसवला होता.

आम्ही मालकांना शेजारी बसवून वाईहून तोच घाट चढलो. गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-चार मिनिटांत जे कळतं, ते थंड झालेल्या गाडीत नंतर कळत नाही. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्याचं, फ्लोट चेंबरचं, झाकण उघडलं, तर आत पेट्रोल बरोबर पातळीला होतं. झाकण घट्ट बसवलं, जादा प्लग वायरला लावून इंजिनाला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडत होती, पण पिवळट, अशक्त. प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डेल्कोतला (डिस्ट्रिब्युटरमधला) कंडेन्सर, म्हणजे ठिणगी जोरकस ठेवणारा छोटा पार्ट, बदलला आणि गाडी लगेच लागली. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी काढलेला कंडेन्सर परत लावून तोच घाट चढलो, तर जवळपास त्याच वळणावर पुन्हा बंद. हा कंडेन्सर काही महिन्यांपूर्वी ट्यूनिंगच्या वेळी नवा म्हणून बसवलेला होता, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. बिलावरची तारीख पाहिली तेव्हा कळलं, घाटातला त्रास त्यानंतरच सुरू झाला होता.

अगदी असाच त्रास टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजल्यानेही होतो. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा ‘सुऽऽ’ आवाज आला, तर आम्हाला नक्की सांगा. म्हणूनच आम्ही अंदाजाने पार्ट बदलत नाही आणि दोन गोष्टी एकाच वेळी बदलत नाही. दोन्ही बदलून गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

मोजतानाही जागेचं भान ठेवावं लागतं. इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर हवा, असं पुस्तकं सांगतात. तो आकडा समुद्रसपाटीचा. सातारा सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे काटा दोन-अडीच इंच खालीच राहतो. हे लक्षात न घेता चांगल्या इंजिनाला ‘बोअरचं काम’, म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर घासायचं काम, सांगितलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. इंजिन खोलण्याआधी गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून आणि रेस पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजायलाच हवं.

ब्रेक जाम होत असेल, तर नवा कॅलिपर (चाकाची डिस्क पकडणारा भाग) घेण्याआधी ब्रेक ऑइलचा रबरी होज तपासून घ्या. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बंद होतो. मग पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, ते मऊ पडतात, चिरतात. आम्ही एसएई 30आर9 हा पेट्रोल पाइपचा दर्जा छापलेलाच पाइप वापरतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत महिनोन्‌महिने जुनं पेट्रोल ठेवू नका. आणि एक कळकळीची विनंती: 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांसारखं निगेटिव्ह नाही. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावण्याआधी ते पाहाच.

येताना काढलेले पार्ट आणि सगळी बिलं आणा. त्रास कधी होतो, हे साध्या शब्दांत लिहून आणा: इंजिन गरम की थंड, चढ की सपाट, टाकी किती भरलेली. इंजिन धुऊन आणू नका, गळतीची खूण धुतली जाते. तपासणीचं बिल वेगळं होतं आणि एकही पार्ट बदलला नाही तरी ते द्यावं लागतं, कारण खरं काम तेच आहे. शक्य असेल तर गाडी संध्याकाळीच आणून ठेवा. सकाळी थंड इंजिनावरचा पहिला सेल्फ आम्हाला स्वतः मारून ऐकायचा असतो.