एक सिस्टर, तीन रजिस्टरं

“सगळ्या सिस्टर चालल्या न बाहेर, इथं राहते कोण?” नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात मी आईच्या खाटेजवळ बसले होते, तेव्हा शेजारच्या पेशंटचे काका म्हणाले आणि मोबाइलवर आलेला एक आकडा त्यांनी दाखवला. वर्षभरात किती नर्सेसनी परदेशासाठी ‘व्हेरिफिकेशन’चे कागद काढले, त्याचा तो आकडा होता. खाली लिहिलं होतं, इतक्या जणी देश सोडून गेल्या.

काकांची काळजी खरी होती. रात्रपाळीला त्या मजल्यावर एकच सिस्टर धावपळ करत होती. पण आकड्याचा अर्थ चुकला होता. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे ही चूक कुठे होते ते सांगावंसं वाटलं.

परदेशात नर्स म्हणून नोंदणी करायची तर इथल्या नर्सिंग कौन्सिलचा ‘व्हेरिफिकेशन’चा दाखला लागतो: हिची नोंदणी खरी आहे, हिच्यावर कारवाई झालेली नाही. एकच मुलगी आयर्लंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया तिन्हीकडे अर्ज करते, म्हणजे दाखले तीन. पुढे इंग्रजीच्या परीक्षेत गुण कमी पडतात, किंवा घरचे नाही म्हणतात, आणि ती मानेवाड्यातच राहते. दाखल्यावरून जायची इच्छा कळते, गेलेली माणसं कळत नाहीत.

मग मोजायचं कसं? अंबाझरी तलाव आठवा. भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी दिसते, पण आज किती पाणी आलं आणि सांडव्यावरून किती गेलं, हे त्या पट्टीवरून कळत नाही. जेवढं आलं तेवढंच गेलं तर पट्टी हलणारच नाही. संख्याशास्त्रात त्या पातळीला साठा म्हणतात, येण्या-जाण्याला प्रवाह. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत गंमत अशी की, येणारा प्रवाह मोजणं सोपं, कारण नव्या देशात नोंदणी केल्याशिवाय कामच करता येत नाही. जाणारा प्रवाह मोजणं महाकठीण, कारण राजीनामा दिला म्हणून इथल्या रजिस्टरातून नाव कुणी काढत नाही. म्हणून जगभर उलट्या बाजूने मोजतात. भारतातून किती गेले, हे भारताला न विचारता प्रत्येक यजमान देशाला विचारायचं, ‘तुमच्याकडे भारतातले किती?’, आणि बेरीज करायची.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घ्या. तिने जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, नागपुरात केला, तीन वर्षं रियाधला काढली, मग डब्लिनला गेली. तिचं नाव महाराष्ट्रात आहे, सौदीत होतं, आयर्लंडमध्ये आहे. रियाधमधलं नाव वेळेत कमी झालं नाही, तर बेरजेत ती दोनदा मोजली जाते. काम करणारे हात मात्र दोनच. आता तिला आयर्लंडचं नागरिकत्व मिळालंय. राष्ट्रीयत्वाने मोजलं तर ती स्थलांतरित नाही. जन्मस्थानाने मोजलं तर आहे. शिक्षणाच्या देशाने मोजलं तरी आहे.

व्याख्या बदलली की उत्तर कसं बदलतं, ते डॉक्टरांमध्ये आणखी स्पष्ट दिसतं. नागपुरातून कितीतरी मुलं डॉक्टरकीच्या पदवीसाठी रशियाला, फिलिपिन्सला जातात आणि परत येऊन एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची इथली परीक्षा, पास होतात. शिक्षणाच्या व्याख्येने हा धरमपेठेतला मुलगा ‘परदेशी प्रशिक्षित डॉक्टर’, जन्माच्या व्याख्येने अस्सल नागपूरकर. नॉर्वेतही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांमध्ये बरेच जण मूळचे नॉर्वेचेच आहेत. तरीही मला शिक्षणाची व्याख्या सर्वांत उपयोगी वाटते, कारण कोणत्या देशाने खर्च करून शिकवलं आणि फायदा कुणाला झाला, ते तिच्यातूनच कळतं.

व्याख्या बदलली की बातमी बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नर्सिंग अहवालात होतं: जगात आठांपैकी एक नर्स, जिथे जन्मली किंवा शिकली, त्या देशाबाहेर काम करते. २०२५ च्या अहवालात आलं: सातांपैकी एक नर्स परदेशात जन्मलेली आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून ‘स्थलांतर वाढलं’ असा मथळा देणं घाईचं आहे. पहिल्यात ‘किंवा शिकली’ आहे, दुसऱ्यात नाही.

याच संघटनेने मे २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता मंजूर केली. ती ऐच्छिक आहे, पण देशांनी दर तीन वर्षांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. जिथे मनुष्यबळ फारच तोकडं आहे, त्या देशांतून सक्रिय भरती टाळावी म्हणून एक यादीही आहे. २०२३ च्या यादीत ५५ देश होते. भारत त्यात नव्हता.

   

आपल्याकडे नोंदीची साधनं अगदीच नाहीत असं नाही. २०१५ पासून आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या नर्सेसना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी लागते. पण डब्लिनला किंवा लंडनला जाणारी तिथे दिसतच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं लाइव्ह रजिस्टर आहे, त्यात प्रत्येक नर्सला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या अर्जात फक्त दोन रकाने सक्तीचे करावेत: सध्या कोणत्या देशात काम करता, आणि केव्हापासून. मग एकच बाई तीनदा मोजली जाणार नाही, आणि परत आलेल्याही दिसतील. मावसबहिणीची रियाधमधली रूममेट पाच वर्षांपूर्वीच परत आली. ती आज बुटीबोरीजवळच्या एका दवाखान्यात काम करते, आणि ती आल्याची नोंद कुठेच नाही.