मूलपेशीला सगळे आधीच ठाऊक नसते

‘मेंदूचा पूर्ण नकाशा जनुकांत आखलेला असतो आणि आपण काय व्हायचे, हे प्रत्येक मूलपेशीला (जिच्यापासून निरनिराळ्या पेशी घडतात, त्या पेशीला) पहिल्यापासून ठाऊक असते’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

जनुके सगळ्या पेशींत जवळपास सारखीच असतात. त्यांतली कोणती चालू करायची, हे बऱ्याच अंशी आजूबाजूने येणारे संदेश ठरवतात. गर्भाच्या चेतानलिकेत (पुढे जिचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो, त्या नळीत) पोटाच्या बाजूने ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन पसरते (हो, नाव व्हिडिओ गेममधल्या पात्राचेच), तर पाठीच्या बाजूने बीएमपी ही दुसरी प्रथिने. कुठे किती मात्रा आणि किती वेळ, यावर पेशीची वाट ठरत जाते. शिवाय चेतापेशी होऊ लागलेली पेशी ‘नॉच’ संदेशाने शेजारणीला मूलपेशीच राहायला लावते. तसे नसते, तर मूलपेशींचा साठा अकालीच संपला असता.

अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये १९५०च्या दशकात एकडोळी कोकरे जन्मत होती. जनुकांत दोष नव्हता. गाभण मेंढ्यांनी खाल्लेल्या एका रानवनस्पतीतले सायक्लोपामाइन हे रसायन हेजहॉगचा संदेश अडवत होते, आणि मेंदूचे दोन अर्धगोल, त्यांसोबत डोळेही, नीट वेगळे होत नव्हते.

अर्थात हे संदेश बनवण्याची कृती जनुकांतच असते. फक्त तिला नकाशा म्हणू नये.