टर्बो गाडीतलं ‘आयएटी’ : एका आकड्याची पार्श्वभूमी

स्कॅनरवर ‘इनटेक एअर टेम्परेचर’ (आयएटी, म्हणजे इंजिनात घेतलेल्या हवेचं तापमान) म्हणून एका गाडीत ३२ अंश दिसतं, दुसरीत ५८. दिवस तोच, रस्ता तोच, बूस्टही (टर्बोने हवेचा वाढवलेला दाब) जवळपास सारखाच. मग दुसरीचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा रेडिएटर) कुचकामी ठरवला जातो आणि नवा मागवलाही जातो. प्रत्यक्षात दोन्ही सेन्सर खरंच सांगत असतात. पहिला एअर फिल्टरला लागून, टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या) आधी बसलेला आहे. दुसरा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये. एकच नाव या दोन जागांना कसं चिकटलं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

टर्बोचं पेटंट तसं १९०५ चं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या कॉकपिटमध्ये कार्बुरेटरकडे जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवणारा काटा असायचा: हवा फार गार झाली तर बर्फ धरायची भीती, फार तापली तर डिटोनेशनची, म्हणजे इंधन अवेळी स्फोटासारखं पेटून इंजिन ठोकण्याची. गाड्यांमध्ये ही शिस्त यायला बराच वेळ लागला. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो असलेल्या दोन गाड्या विक्रीला आल्या. त्यांतल्या एकीत इंटरकूलर नव्हता, पण १०.२५ चा, म्हणजे डिटोनेशनला आमंत्रण देणारा, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) होता, म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय केली होती. हवा किती तापली हे मोजत कोणीच नव्हतं. ती तापणारच, हे धरून चालायचं. मालक लोक त्या मिश्रणाची टाकी भरायला विसरायचे, हा भाग वेगळा.

सेन्सर गाड्यांत रुळला तो सत्तरच्या दशकात, आणि टर्बोसाठी नव्हे. तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनमध्ये हवा मोजायला एक झडप असायची. हवेच्या जोराने ती उघडायची आणि किती उघडली त्यावरून हवेचा अंदाज यायचा. पण गार हवा घट्ट, गरम हवा विरळ. म्हणून झडपेच्या या मीटरच्या तोंडाशी एक छोटा थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा मणी) बसवला गेला. त्याचं काम झडपेचा हिशोब दुरुस्त करणं एवढंच. पुढे हेच मीटर टर्बो गाड्यांमध्ये टर्बोच्या आधी लागलं आणि सेन्सरही तिथेच राहिला. इंजिनात शिरणारी हवा किती तापली याची त्याला गंधवार्ताही नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नॉक सेन्सरवरून (इंजिनाचं ठोकणं टिपणाऱ्या सेन्सरवरून) बूस्ट कमी-जास्त करणारी यंत्रणा आली, तेव्हा तर इंटरकूलरनंतरचं तापमान मोजायची निकड आणखीच कमी वाटली असावी. इंजिन ठोकायला लागलं की बूस्ट उतरवायचा, मिटला प्रश्न.

याच दशकात वाटा फुटल्या. काहींनी तापलेल्या तारेचं मीटर घेतलं. ते थेट हवेचं वस्तुमान मोजतं, त्यामुळे इंधनाच्या हिशोबाला तापमान फारसं लागत नाही. काहींनी मीटरच काढून टाकलं आणि मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि तापमान यांवरून हवा मोजायला सुरुवात केली. या दुसऱ्या पद्धतीत तापमान चुकलं की इंधन चुकतं. मॅनिफोल्डमधली हवा ४० ऐवजी ६० अंशांवर असेल तर त्याच दाबाला ती सुमारे ६ टक्के विरळ असते. म्हणून सेन्सर मॅनिफोल्डमध्ये गेला आणि त्याला नावंही जागेला साजेशी मिळाली: ‘मॅनिफोल्ड एअर टेम्परेचर’, ‘एअर चार्ज टेम्परेचर’. वायरिंगचा नकाशा उघडला की सेन्सर कुठे आहे ते नावातच कळायचं.

मग नव्वदच्या दशकात ती सुटसुटीत नावं गेली. प्रदूषण नियंत्रणासाठी सगळ्या गाड्यांची भाषा एक करायची ठरली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे शब्द एका ‘इनटेक एअर टेम्परेचर’मध्ये ओतले गेले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ (स्कॅनर लावून गाडीची माहिती वाचायची ठरावीक पद्धत) सक्तीचं झालं. युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यात या आकड्याला एक कप्पा मिळाला, क्रमांक ०एफ. कप्पा एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या मावेल एवढा. आलेल्या संख्येतून ४० वजा करा, की झालं तापमान: उणे ४० ते २१५, एकेका अंशाच्या पायरीने. (सेन्सरचा कनेक्टर काढला की बऱ्याच गाड्यांत उणे ४० दिसतं, ते यामुळे.) हवा कुठली, टर्बोआधीची की इंटरकूलरनंतरची, हे त्या कप्प्यात सांगायची सोयच ठेवली नाही.

हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर अजून दुमत आहे. बाजू घेणारे म्हणतात, उद्देश धुराचा होता, ट्यूनिंगचा नव्हता. सेन्सर जिवंत आहे का, रात्रभर उभ्या गाडीत त्याचं तापमान कूलंटशी जुळतं का, एवढं तपासायला एक बाइट पुरे. त्या काळी बहुसंख्य गाड्यांना टर्बो नव्हताच, हेही खरं. तरी हा बचाव अपुरा वाटतो. शब्द एक करताना जागेची माहिती पुसली गेली, आणि ती पुसायची काहीच गरज नव्हती.

आकड्यांत पाहिलं की फरक लख्ख दिसतो. बाहेर २५ अंश आहे आणि टर्बो १ बार बूस्ट देतोय. ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरला तर त्यातून हवा जवळपास ११८ अंशांवर बाहेर पडते. चांगला इंटरकूलर तिला चाळिशी-पन्नाशीत आणतो. टर्बोआधीचा सेन्सर या सगळ्या वेळात शांतपणे २५ दाखवत बसतो. इंटरकूलर मातीने बुजला, त्यातून हवा गळायला लागली, तरी २५च. इग्निशन मागे घ्यायचं (ठिणगी उशिरा पाडायची) की नाही, बूस्ट उतरवायचा की नाही, हे ठरवायला उपयोगी पडतो तो थ्रॉटलपाशी (इंजिनाच्या हवेच्या मुख्य झडपेपाशी) किंवा मॅनिफोल्डमध्ये असलेला आकडा.

मानकात पुढे दुरुस्ती झाली. ६८ क्रमांकाच्या कप्प्यात एकापेक्षा जास्त सेन्सर मावतात, ७७ मध्ये इंटरकूलरच्या तापमानाची वेगळी सोय आहे. पण सगळ्या गाड्या त्यांना उत्तर देत नाहीत, आणि फोनवरची साधी अ‍ॅप अजून ०एफच वाचून मोठा गोल मीटर फिरवतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत छोटी टर्बो इंजिनं सर्रास झाली, तसा गुंता वाढला. दाब आणि तापमान एकाच डबीत मोजणारा सेन्सर आला, पाण्याने गार होणारा इंटरकूलर थेट मॅनिफोल्डच्या पोटात गेला. डिझेलमध्ये इंटरकूलरनंतर ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) गरम वायू मिसळतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधला आकडा चढा दिसला तरी दोष इंटरकूलरचा असेलच असं नाही. उलट डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलिंडरच्या आत वाफ होऊन हवा गार करतं, आणि तो गारवा कुठल्याच सेन्सरला दिसत नाही.

शिवाय सेन्सरची स्वतःची खोड आहेच. सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबा आणि आकडा बघत राहा: ४१, ४६, ५३, ६०. हिरवा लागून गाडी पळाली की तो उतरायला लागतो. यातली किती वाढ हवेची आणि किती तापलेल्या मॅनिफोल्डमधून सेन्सरच्या धातूत शिरलेल्या उष्णतेची? पितळी टोपीत बंद असलेला थर्मिस्टर उशिरा जागा होतो आणि उशिराच थंडावतो. प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यातला उघडा मणी बराच चपळ. बूस्टचा एक जोर पाच-सहा सेकंदांचा, तेवढ्यात पितळवाल्याला पत्ताही लागत नाही. पाणी-मिथेनॉल फवारणाऱ्यांची अडचण वेगळीच: मण्यावर थेंब बसला की तो हवेपेक्षा गार आकडा सांगतो आणि मालक खूश होतो.

आपल्या गाडीतला ०एफ कुठला, हे कागदपत्रं नसली तरी ओळखता येतं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आठ-दहा सेकंद पूर्ण बूस्ट द्या, आणि आकडा शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. तो वर सरकायला लागला तर सेन्सर टर्बोच्या नंतर बसलेला आहे. जागचा हलला नाही, किंवा वाहत्या हवेने उलट एखाद-दुसरा अंश उतरला, तर तो बहुधा फिल्टरपाशी आहे, आणि त्या आकड्यावरून इंटरकूलरबद्दल काहीच बोलता येणार नाही.