जलप्रलयकथा

महापुरात सृष्टी बुडते आणि आधीच सूचना मिळालेला एक पुरुष नौकेतून वाचतो, या आशयाची प्राचीन कथा. मत्स्यावताराचे पौराणिक रूप सर्वपरिचित असल्याने या नोंदीत त्याच्या जुन्या थरांचा आणि पश्चिम आशियातील कथांशी असलेल्या नात्याचाच विचार केला आहे.

भारतातील सर्वांत जुनी निःसंदिग्ध कथा शतपथ ब्राह्मण या वैदिक यज्ञविवेचनाच्या ग्रंथात (१.८.१) आहे. सकाळी हात धुताना मनूच्या हाती मासा येतो. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो. पूर येताच मनू नौकेचा दोर त्याच्या शिंगाला बांधतो आणि उत्तरगिरीवर पोचतो. तेथे नौका झाडाला बांधून, पाणी ओसरेल तसतसा तो खाली उतरतो. हा उतार म्हणजे ‘मनोरवसर्पण’. पुढे तो तूप, दही, मस्तू (दह्याची निवळ) व आमिक्षा (फाटवलेल्या दुधाचा घट्ट भाग) पाण्यात अर्पण करतो आणि वर्षभराने त्यातून इडा ही त्याची कन्या प्रकटते. ही कथा दर्शपूर्णमास इष्टीतील (अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञातील) इडाविधीच्या, म्हणजे इडा नावाच्या हविर्भागाच्या विधीच्या, समर्थनार्थ आली आहे, त्यामुळे तिचा भर पुरापेक्षा इडेवर अधिक. मासा येथे कोणाचाही अवतार नाही. सप्तर्षी, बियाणे, प्राणी नाहीत. पुराचे कारणही दिलेले नाही.

महाभारताच्या वनपर्वात चीरिणी नदी, सप्तर्षी, बीजे आणि नौबंधन शिखर येते, पण मासा म्हणजे ब्रह्मा. मासा म्हणजे विष्णू, हे पुराणांत येते. भागवतात (८.२४) नायक द्रविड देशाचा राजा सत्यव्रत, नदी कृतमाला, दोराच्या जागी वासुकी आणि पुराआधीची मुदत सात दिवसांची. हे थर एकत्र केले की बायबलमधील नोहाच्या कथेशी असलेले साम्य उगाच फुगते. शतपथापुरते पाहिले तर पूर्वसूचना, नौका, पर्वत आणि पुरानंतरचा यज्ञ एवढेच उरते.

याहून जुना उल्लेख अथर्ववेदात (१९.३९.८) असल्याचे वेबर आदी पाश्चात्त्य संस्कृत अभ्यासकांचे मत होते. कुष्ठ वनस्पतीच्या स्थानाचे वर्णन करणाऱ्या त्या ऋचेत हिमवंताच्या शिखराबरोबर ‘नावप्रभ्रंशनम्’ हा शब्द येतो. त्यांनी तो ‘नौका खाली सरकली ते स्थान’ असा घेतला. पदपाठात (मंत्रांतील शब्द सुटे करून दाखवणाऱ्या पाठात) मात्र ‘न’ आणि ‘अवप्रभ्रंशनम्’ अशी फोड आहे, म्हणजे ‘जेथून खाली घसरणे नाही’. ‘नौ’ शब्दाचा समास ‘नौप्रभ्रंशन’ असा व्हायला हवा होता, हीही अडचण आहे. मागच्याच ऋचेत सोन्याची नौका आहे, म्हणून पहिला अर्थ अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरी पदपाठाची फोड अधिक सुरक्षित वाटते. लोकमान्य टिळकांनी ‘प्रलय’पासून साधलेल्या ‘प्रालेय’ (हिम) शब्दाच्या आधारे मनूचा पूर अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील यिमा राजाच्या हिमप्रलयाशी जोडला. यिमा मात्र नौका बांधत नाही. तो ‘वर’ नावाचे आवार बांधतो.

मेसोपोटेमियात झिउसुद्राची सुमेरी कथा आणि अत्रहसिस काव्य (दोन्ही नावे पुरातून वाचणाऱ्या नायकांची) यांच्या उपलब्ध प्रती साधारणपणे इ. स. पू. सतराव्या शतकाच्या आसपासच्या मानतात. अत्रहसिसमध्ये माणसांच्या गोंगाटाने वैतागून देव पूर आणतो. बायबलमध्ये कारण पाप. गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या मृत्तिकाफलकातील पूरकथा जॉर्ज स्मिथने ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जाहीर केली. तीतील नौका १२० हात बाजूचा घन, तर नोहाची ३०० × ५० × ३० हात. आयर्विंग फिंकेलने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० ओळींच्या फलकात ती दोरखंडाची, डांबर लावलेली, टोपलीसारखी गोल आहे. तिच्या तळाचे क्षेत्र एक इकू (सुमारे ३,६०० चौ. मी.), म्हणजे घनाच्या तळाइतकेच. घन हा गोल नौकेच्या वर्णनाचा नंतरचा विपर्यास असावा, हा तर्क त्यामुळे पटतो.

बायबलच्या उत्पत्तिग्रंथात (६–९) दोन परंपरा गुंफल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. एकीत ४० दिवस पाऊस आणि शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या. दुसरीत १५० दिवस पाणी आणि सर्वांची एकेक जोडी. पक्षी सोडून पाणी ओसरल्याची खात्री करण्याचा प्रसंग गिल्गमेशशी इतका जुळतो की तेथे ऋण नाकारणे कठीण. मनूच्या कथेबाबत तसे म्हणता येत नाही. पक्षी तिच्यात नाहीत आणि वाढत जाणारा मासा मेसोपोटेमियात नाही.

मेसोपोटेमियातील ऊर येथे उत्खननात लिओनार्ड वूली यांना सापडलेला गाळाचा थर १९२९ मध्ये ‘प्रलयाचा पुरावा’ म्हणून गाजला. पण तो सुमेरी लेखनाच्याही आधीच्या उबैद काळातील. शुरुप्पक या मेसोपोटेमियातीलच दुसऱ्या नगरातील थर बराच नंतरचा, सुमारे इ. स. पू. २९०० चा. एकाच महापुराऐवजी वेगवेगळे स्थानिक पूर मानणे त्यामुळे भाग पडते.

ग्रीक परंपरेत द्यूकालियन व पिर्रा नऊ दिवस-रात्री पेटीतून तरंगत पार्नासस पर्वतावर पोचतात आणि मागे दगड फेकून माणसे निर्माण करतात. कुराणात नूहची नौका जूदी पर्वतावर थांबते (११.४४).